बागेतल्या फुलांची नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका तेलुगू मैत्रिणीकडे मी एकदा मंदाराची फांदी मागितली. मला हवी होती पांढरी रुई. तिनं जास्वंदीच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवल्या आणि वर आश्चर्यानं विचारलं, "तुझ्याकडे साधा मंदारही नाही?" चूक तिचीही नव्हती आणि माझीही. तेव्हापासून मी कुंडीवरच्या पाटीवर दोन नावं लिहायला लागले, आणि पाटी बघणारा प्रत्येकजण काही ना काही विचारायला लागला. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे आहेत.

एकाच फुलाला इतकी नावं कशाला?

कारण प्रत्येकानं त्यात वेगळं काहीतरी पाहिलं. गुलबक्षीचंच बघा. मूळची अमेरिका खंडातली, पण जगभर पसरलेली. दुपार कलली की ही उमलते, म्हणून मल्याळममध्ये ती 'नालुमणी पूवु', म्हणजे चार वाजताचं फूल. इंग्रजी आणि इंडोनेशियन नावांचा अर्थही तोच. बंगालीत ती 'संध्यामालती', तमिळमध्ये 'अंदिमंदारै', म्हणजे सांजवेळचा मंदार. फ्रेंच लोकांनी थोडं थांबून रात्रीच तिच्याकडे पाहिलं असावं, कारण त्यांनी नाव दिलं 'रात्रीची सुंदरी'.

जपानी नाव मात्र घड्याळाकडे बघतच नाही. 'ओशिरोइबाना', म्हणजे चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीचं फूल. याचा उलगडा हवा असेल तर गुलबक्षीचं काळं, मिऱ्यासारखं सुरकुतलेलं बी नखानं फोडा. आत खरोखरच पांढरी, मऊ भुकटी निघते. मी लहानपणापासून ही बिया गोळा करत आले, पण एकही फोडून पाहिली नव्हती. नाव कळलं आणि मग फोडली.

शास्त्रीय नाव आहे 'मिराबिलिस जलापा'. मिराबिलिस म्हणजे नवलाची आणि जलापा हे मेक्सिकोतल्या एका गावाचं नाव. नवल बहुधा रंगांचं असावं, कारण एकाच झाडावर पिवळी, गुलाबी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे उडालेली फुलं येतात. याच नवलाच्या झाडावर कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं 1909 मध्ये दाखवून दिलं की पानांवरचे पांढरे-हिरवे पट्टे मेंडेलनं मांडलेल्या आनुवंशिकतेच्या नियमांनी पुढच्या पिढीत जात नाहीत. ते फक्त आईकडून येतात.

आणि उलटं? एकच नाव, पण झाडं वेगवेगळी?

तोच तर खरा घोळ. मंदार म्हटलं की मराठी माणसाला रुई आठवते. तेलुगूत मंदारम म्हणजे जास्वंद. तमिळमधलं मंदारै आणि मल्याळममधलं मंदारम ही कांचनाची फुलं. संस्कृतात हाच शब्द पांगाऱ्यालाही लावलेला आहे. एक शब्द, चार झाडं, आणि ही झाडं एकमेकांसारखी दिसतसुद्धा नाहीत.

'अरळी'ची गत तीच. तमिळमध्ये अरळी म्हणजे कण्हेर. समुद्र ओलांडून श्रीलंकेत गेलात की सिंहली भाषेत 'अरलिया' म्हणजे आपला पांढरा चाफा. कन्नडमध्ये 'सुगंधराज' मागितलात तर निशिगंध मिळेल. बंगालीत 'गंधराज' मागितलात तर अनंत. शब्द जवळपास एकच, झाडं मात्र पार वेगळी.

सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा: हे सगळे भाऊ-भाऊ ना?

नाही, आणि हा माझा आवडता प्रश्न आहे. मराठीतला 'चाफा' हा वासाचा शब्द आहे, वंशाचा नव्हे. घमघमाट आणि जाडसर पाकळ्या दिसल्या की आपण चाफा म्हणून मोकळे होतो.

सोनचाफा हा मॅग्नोलिया. पूर्वी 'मिचेलिया चंपाका' होता, आता 'मॅग्नोलिया चंपाका' आहे. कवठी चाफाही मॅग्नोलियाच, म्हणजे हे दोघे खरे नातलग. हिरवा चाफा, 'आर्टाबोट्रिस हेक्सापेटॅलस', सीताफळाच्या कुळातला. त्याच्या फुलाचा देठ जवळून बघा. तो आकडीसारखा वळलेला असतो आणि त्या आकडीनंच वेल आधाराला धरते. ग्रीकमधून बनलेल्या त्याच्या नावाचा अर्थ आहे 'लटकलेला घोस'. पांढरा चाफा म्हणजे 'प्लुमेरिया' हा कण्हेरीच्या कुळातला. फांदी मोडली की चीक येतो, त्यावरून ओळख पटते. नागचाफा, 'मेसुआ फेरिया', अगदीच वेगळ्या घराण्यातला. फेरिया म्हणजे लोखंडी, कारण लाकूड तितकं कठीण. आणि भुईचाफा, 'केम्फेरिया रोटुंडा', चक्क आल्याचा भाऊबंद. पानं येण्याआधीच त्याची फुलं थेट मातीतून वर येतात.

मग चाफा हा शब्द चुकीचा का? मला तसं वाटत नाही. डोळे मिटून वास घेणाऱ्यासाठी तो बरोबरच आहे. फक्त कलम करताना किंवा खत-पाणी ठरवताना 'चाफा' एवढंच म्हणून भागत नाही.

शास्त्रीय नावात दोन शब्द का असतात? ते वाचायचे कसे?

पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. (वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सर्रास दुसऱ्या अर्थानं येतो, त्यामुळे वाचताना जपून.) जास्वंद 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस' आहे, तर 'हिबिस्कस सिरियाकस' ही तिचीच प्रजात, पण वेगळी जात. आडनाव आधी आणि नाव नंतर, असं समजलं तरी चालेल. रोमन लिपीत पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान आणि दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत असतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नाहीत, त्यामुळे ती खूण आपल्याला मिळत नाही.

ही दोन शब्दांची पद्धत रुळवली कार्ल लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं, 1753 सालच्या 'स्पीसीज प्लँटॅरम' या ग्रंथातून. आजही वनस्पतींच्या नावांची अधिकृत सुरुवात तिथूनच धरतात. त्याआधी नाव म्हणजे अख्खं वर्णन असायचं. कार्नेशनला तेव्हा काय म्हणत, तर 'एकेकटी फुलं येणारा, पुष्पकोशावरचे खवले अंडाकृती आणि फार आखूड असणारा, पाकळ्यांच्या कडा कातरलेला डायँथस'. हे एवढं बाळाला हाक मारायला सांगितलं असतं तर बाळ शाळेत जाईपर्यंत हाक पुरी झाली नसती. लिनियसनं पानाच्या समासात एक सुटसुटीत शब्द टाकला: 'कॅरियोफिलस'. झालं नाव.

नावापुढे कधीकधी 'एल.' असं अक्षर दिसतं. ते लिनियसचं. म्हणजे हे नाव त्यानं दिलं. दोन शब्दांच्या मध्ये गुणाकाराची खूण असेल तर ते संकरित झाड.

आणि अवतरणचिन्हातलं तिसरं नाव?

ते वाणाचं, म्हणजे माणसानं निवडून जोपासलेल्या प्रकाराचं. त्याचं भाषांतर करायचं नसतं, असा नियम आहे. पण बाजाराला नियम कोण शिकवणार? पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कड असलेला 'पीस' नावाचा प्रसिद्ध गुलाब आहे. फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच माणसानं तो तयार केला आणि त्याचं मूळ नाव 'मादाम ए. मेयाँ' असं, आईवरून ठेवलं. दुसरं महायुद्ध संपत असताना, 1945 मध्ये, तो इंग्रजीत 'पीस' झाला. जर्मनीत 'ग्लोरिया देई', इटलीत 'जोया'. एकाच झाडाच्या कलमांना चार देशांत चार नावं, तीही विसाव्या शतकात, ठरवून दिलेली.

शास्त्रीय नावं लॅटिन असतात, म्हणजे आपल्या भाषांचा त्यात काही वाटा नाही?

भरपूर आहे. व्याकरण लॅटिनचं, पण शब्द कुठूनही येतात. सोनचाफ्याच्या नावातलं 'चंपाका' ओळखीचं वाटतंच. अशोकाच्या 'साराका असोका'मध्ये अशोक आहे. कमळाच्या 'नेलुंबो'त सिंहली 'नेलुम' आहे. 'जास्मिनम'मध्ये फारसी 'यास्मीन' आणि मोगऱ्याच्या 'सांबाक'मध्ये अरबी 'झंबक'. पेटुनिया हा शब्द ब्राझीलमधल्या तुपी भाषेतून, तिथल्या तंबाखूच्या नावावरून आला. पेटुनिया तंबाखूची जवळची नातलग आहे, हे तिची चिकट पानं चुरगळली की लगेच पटतं.

मलबारच्या वनस्पतींचा यात मोठा हात आहे. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड यानं 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ छापवला. त्यातली माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन या वैद्यांचं नाव ठळकपणे नोंदलेलं आहे, आणि नावं मल्याळम लिपीतही दिलेली आहेत. लिनियसनं इथल्या अनेक झाडांची नावं ठरवताना याच ग्रंथातली चित्रं आणि वर्णनं वापरली.

शब्दांचा प्रवास उलट दिशेनंही झाला. चिनी भाषेत मोगऱ्याला 'मोली' म्हणतात. तो शब्द संस्कृत 'मल्लिका'वरून गेला, असं भाषातज्ज्ञ मानतात.

गुलाब हा शब्द मराठी का?

आता मराठीच. मूळ फारसी: 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण बाटलीचं नाव फुलाला दिलं. त्यानंतर 'गुलाबपाणी' हा शब्द तयार करून पाण्यात पुन्हा पाणी घातलं. गुलबक्षी, गुलछडी, गुलमोहर या सगळ्यांतलं 'गुल' तेच.

ट्युलिपचीही अशीच गंमत. हा शब्द तुर्की भाषेतल्या फेट्याच्या शब्दावरून युरोपात गेला. खुद्द तुर्कस्तानात मात्र ट्युलिपला 'लाले' म्हणतात. पाहुण्यांनी पागोट्याला फूल समजून नाव नेलं, असं काहीसं.

शास्त्रीय नाव कायमचं असतं ना? मग ती बदलतात कशी?

हा राग मी समजू शकते. पाट्या माझ्याही बदलून झाल्या आहेत. नाव बदलण्याची कारणं मुख्यतः दोन. एक, झाडाचं नातं नव्यानं कळतं. दोन, त्याच झाडाला आधी दिलेलं जुनं नाव सापडतं, आणि जुन्या नावाचा मान पहिला.

सदाफुलीचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. लिनियसनं तिला 'व्हिंका रोझिया' म्हटलं. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज डॉननं तिला 'कॅथरँथस' या वेगळ्या प्रजातीत नेलं, तेव्हापासून ती 'कॅथरँथस रोझियस'. पण जुनं नाव काही मेलं नाही. तिच्यापासून मिळणाऱ्या कर्करोगावरच्या औषधांची नावं 'व्हिन्क्रिस्टीन' आणि 'व्हिनब्लास्टीन' अशीच आहेत. रोपवाटिकेत आजही 'विंका' मागितलं की सदाफुलीच मिळते. हिचं एक मल्याळम नाव 'शवंनारी', म्हणजे प्रेतासारखा वास येणारी. तमिळ लोक तिलाच 'नित्यकल्याणी' म्हणतात, बंगाली 'नयनतारा'. एकाच फुलाबद्दल शेजाऱ्यांची मतं इतकी टोकाची क्वचितच सापडतात.

निशिगंध बरीच वर्षं 'पॉलिअँथस ट्युबरोझा' होता. आता त्याला घायपाताच्या प्रजातीत घालून 'अगावे अमिका' केलंय. ऐकून मला धक्का बसला होता, पण फुलांचा दांडा घायपातासारखा सरळ वर जातो, हे नंतर डोळ्यांत भरायला लागलं. (त्याच्या 'ट्युबरोझ' या इंग्रजी नावाचा रोझशी काही संबंध नाही. 'गाठीगाठींच्या मुळाचा' एवढाच त्याचा अर्थ.)

शेवंतीनं तर जाऊन परत येण्याचा पराक्रम केला. वर्गीकरण बदललं तेव्हा बागेतली शेवंती 'डेंड्रँथेमा' झाली आणि 'क्रिसँथेमम' हे नाव दुसऱ्याच मूठभर झाडांकडे राहिलं. फुलं पिकवणारे आणि विकणारे वैतागले. शेवटी 1999 च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या निर्णयानं शेवंतीला तिचं नाव परत मिळालं.

जिरेनियमचं प्रकरण याहून जुनं आहे. आपण कुंडीत लावतो ते 'पेलार्गोनियम'. खऱ्या जिरेनियमपासून ते 1789 मध्येच वेगळं केलं गेलं. लोक अजून ऐकायला तयार नाहीत.

नावात देश असेल तर फूल तिथलंच समजायचं का?

अजिबात नाही. उंच, मोठ्या गोंड्याच्या झेंडूला इंग्रजीत 'आफ्रिकन' म्हणतात आणि बुटक्याला 'फ्रेंच'. दोन्ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. तिथल्या नाहुआतल भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फूल', म्हणजे भरगच्च पाकळ्यांचं, आणि त्याचंच स्पॅनिशमध्ये 'सेंपासुचिल' झालं. 'मेरीगोल्ड' हे नावसुद्धा आधी कॅलेंडुलाचं होतं, ते झेंडूला नंतर चिकटलं. कन्नडमध्ये झेंडू म्हणजे 'चेंडु हूवु', चेंडूचं फूल. मला हे सगळ्यांत सरळ नाव वाटतं.

'हिबिस्कस सिरियाकस' सीरियातली नाही, पूर्व आशियातली. 'सिला पेरुव्हियाना' हे कंदातून येणारं निळं फूल पेरूतलं नाही, भूमध्य समुद्राकाठचं. इंग्रजीत 'केप जास्मिन' म्हणतात तो आपला अनंत, आणि तो दक्षिण आफ्रिकेतल्या केपचाही नाही, जास्मिनही नाही. पण नाव दिशाभूल करतं एवढ्या कारणावरून ते बदलता येत नाही, असा नामकरणाच्या संहितेचा नियम आहे. नाहीतर रोजच भांडणं.

या नियमाला अलीकडे एक अपवाद झाला. आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणून वापरल्या गेलेल्या शब्दावरून 'काफ्रा' हे जातिनाम अनेक झाडांना होतं. 2024 मध्ये माद्रिदच्या परिषदेत मतदान झालं आणि अशा दोनशेहून जास्त नावांत 'काफ्रा'चं 'अफ्रा' करायचं ठरलं. पांगाऱ्याचा एक आफ्रिकी भाऊ आता 'एरिथ्रिना अफ्रा' आहे. एक अक्षर गेलं, अर्थ 'आफ्रिकेतला' असा झाला.

माणसांवरून दिलेली नावं कोणती?

झिनिया जर्मन वैद्य झिनवरून, मॅग्नोलिया फ्रेंच मान्योलवरून, कॅमेलिया कामेल या धर्मप्रसारकावरून. पांढऱ्या चाफ्याचं प्लुमेरिया हे शार्ल प्लुमिएवरून. गार्डेनिया, म्हणजे अनंत, बागेवरून नाही, तर अलेक्झांडर गार्डन नावाच्या माणसावरून. डेलिया अँडर्स डाल या स्वीडिश माणसावरून. पण रशियात डेलियाला 'गिओर्गिन' म्हणतात, कारण मध्यंतरी कुणीतरी तिला गिओर्गी नावाच्या दुसऱ्याच शास्त्रज्ञाचं नाव दिलं होतं. शास्त्रानं ते नाकारलं, भाषेनं ठेवून घेतलं.

मग बोगनवेल? ती तर मराठी वाटते.

वाटणारच, आपणच तिला मराठी केली. लुई आंत्वान द बुगनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी. त्याच्या जगप्रदक्षिणेत फिलिबर कोमेर्सों या वनस्पतितज्ज्ञानं 1767 मध्ये ब्राझीलमध्ये हे झुडूप पाहिलं आणि कप्तानाचं नाव त्याला मिळालं. कोमेर्सोंची मदतनीस झान बारे पुरुषाच्या वेषात जहाजावर होती. जगाला फेरी मारणारी ती पहिली ज्ञात स्त्री. तिच्या वाट्याला झाड यायला 2012 साल उजाडलं. तेव्हा बटाट्याच्या प्रजातीतल्या एका जातीला 'सोलॅनम बारेटिए' नाव दिलं गेलं.

मराठीनं 'बुगनव्हिल'मधलं शेवटचं 'व्हिल' ऐकलं आणि म्हटलं, अरे, ही तर वेल! झाली बोगनवेल. बंगालीनं त्याचंच 'बागानबिलास' केलं, म्हणजे बागेचा विलास. परक्या नावात आपला शब्द शोधायची ही खोड जगातल्या सगळ्या भाषांना आहे, पण हे दोन नमुने मला खास वाटतात.

तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि मलय भाषांनी मात्र नाव सोडून वस्तूकडे पाहिलं. चारही भाषांत ही 'कागदाची फुलं'. हातात घेऊन बघा. जे रंगीत कागदासारखं लागतं, त्या पाकळ्या नाहीतच, ती पानं. त्यांच्या मधोमध काडीसारखी बारीक पांढरट नळी असते. तेच खरं फूल.

कुंडीत पान लावलं की येतं ते ब्रह्मकमळ खरं का?

दोन वेगळी झाडं आहेत. हिमालयात उंचावर येणारं ब्रह्मकमळ म्हणजे 'सॉसुरिया ओब्वालाटा', सूर्यफुलाच्या कुळातलं. कुंडीतलं, रात्री उमलून सकाळी मान टाकणारं, ते 'एपिफायलम ऑक्सिपेटॅलम'. हा मेक्सिकोकडचा निवडुंग, आणि आपण जे 'पान' लावतो ते चपटं खोड. जपानीत हिला 'चांदण्यातली सुंदरी' अशा अर्थाचं नाव आहे. चिनी भाषेत क्षणात विरणाऱ्या कीर्तीला 'तान्हुआ फुलला', असं म्हणतात, आणि तान्हुआ म्हणजे आज हेच फूल. दोहोंपैकी एकही कमळ नाही.

कमळाचं म्हणाल तर तेही फसवं. वनस्पतिशास्त्रात 'लोटस' ही कडधान्याच्या कुळातली एक प्रजाती आहे. खरं कमळ 'नेलुंबो', आणि पाण्यावर टेकून फुलणारं कुमुद 'निम्फिया'. दोघं शेजारी राहतात, पण नातं लांबचं. डीएनएच्या अभ्यासात कमळाचे जवळचे नातलग निघाले चिनार आणि सिल्व्हर ओक. (सिल्व्हर ओकही ओक नाही, जाऊ दे.)

कृष्णकमळात कौरव-पांडव असतात म्हणतात. बाकीच्यांना काय दिसतं?

फूल एकच, मोजदादही एकच. कडेनं तंतूंची झालर, वर पाच परागकोश, त्यांच्यावर तीन कुक्षी. आपण झालरीत शंभर कौरव मोजले, पाचात पांडव आणि तीनात ब्रह्मा-विष्णू-महेश. स्पॅनिश धर्मप्रसारकांना दक्षिण अमेरिकेत हेच फूल दिसलं. त्यांना झालर काट्यांचा मुकुट वाटली, पाच म्हणजे ख्रिस्ताच्या जखमा, तीन म्हणजे खिळे. शास्त्रीय नाव 'पॅसिफ्लोरा' त्यावरूनच: ख्रिस्ताच्या यातनांचं फूल. जपान्यांनी महाभारतही पाहिलं नाही आणि बायबलही. त्यांना घड्याळाची तबकडी आणि काटे दिसले, म्हणून नाव 'घड्याळ-झाड'.

नाव चुकलं तर बिघडतं काय?

एरवी काही नाही. विषारी झाडांच्या बाबतीत मात्र बिघडतं. इंग्रजीत 'नाइट जास्मिन' म्हणजे पारिजातकही आणि रातराणीही. पारिजातक 'निक्टँथस आर्बोर-ट्रिस्टिस', रातराणी 'सेस्ट्रम नॉक्टर्नम'. रातराणी विषारी आहे. कुणी काढ्याची कृती इंग्रजी नावावरून वाचून करायला गेलं, तर काय होईल ते सांगायला नको.

काही लोकनावं मात्र शास्त्रापेक्षा स्पष्ट इशारा देतात. कण्हेरीचं शास्त्रीय नाव 'नेरियम ओलिअँडर' तिच्या विषाबद्दल अवाक्षर काढत नाही. संस्कृतात ती 'अश्वमारक', घोडा मारणारी. इटालियन लोकनाव आहे 'गाढव मारणारी'. जनावर बदललं, अनुभव तोच.

उच्चार कसा करायचा?

बिनधास्त करा. नावांचं लेखन नियमांनी बांधलेलं आहे, उच्चार नाही. फ्रेंच, जर्मन आणि इंग्रज माणूस एकच नाव तीन तऱ्हांनी म्हणतो.

पाटीवर काय लिहू?

घरात बोलता ते नाव मोठं, खाली शास्त्रीय नाव, वाण माहीत असेल तर तोही. आणि रोप कुणी दिलं ते. शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. फोनवरच्या ॲपनं सांगितलेलं नाव लगेच लिहू नका. ते लंडनमधल्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर घालून पाहा. जुनं नाव घातलं की सध्याचं मान्य नाव तिथे समोर येतं.

मराठी नाव नसलेल्या फुलांना नवीन नावं द्यावीत का?

समितीत बसून दिलेली नावं चिकटत नाहीत, असं माझं मत. फुलाशी खेळता खेळता दिलेली चिकटतात. स्नॅपड्रॅगनचं फूल दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबा, तोंड उघडतं. सोडलं की मिटतं. इंग्रजांना त्यात ड्रॅगन दिसला, जर्मनांना आणि इटालियनांना सिंह, फ्रेंचांना लांडगा, जपान्यांना सोनमासा. पॅन्सीला जर्मनमध्ये 'छोटी सावत्र आई' म्हणतात. फूल उलटं करून बघितलं की कारण कळतं. सगळ्यांत मोठी खालची पाकळी पाकळ्यांखालच्या दोन हिरव्या निदलांवर ऐसपैस बसलेली असते, तीच सावत्र आई. शेजारच्या दोन पाकळ्या, म्हणजे तिच्या पोटच्या मुली, एकेका निदलावर. आणि वरच्या दोन सावत्र मुली मिळून एकाच निदलावर, दाटीवाटीनं. हे नाव कुठल्या शब्दकोशकारानं नाही, फुलं खुडत बसलेल्या कुणीतरी दिलं असणार.

अबोलीला अबोली का म्हणतात?

नावात तर ती बोलत नाही, म्हणूनच मी हा प्रश्न शेवटी ठेवलाय. शास्त्रीय नाव 'क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस', म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची. तेलुगू-तमिळमध्ये ती 'कनकांबरम'. आणि इंग्रजीत 'फायरक्रॅकर फ्लॉवर', चक्क फटाका! मला हे नाव कुणाचं तरी चुकलंय असंच वाटायचं. मग एकदा वाळलेल्या कणसातली पक्व बोंडं काढून बशीत ठेवली आणि त्यावर थोडं पाणी शिंपडलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग टक्कन आवाज झाला, बोंड फुटलं आणि बी टेबलावरून खाली गेलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं. त्यातली दोन बिया अजून सापडलेल्या नाहीत. पुढच्या पावसात कुठल्या कुंडीत उगवतात ते बघायचं.